खडूची खूण

ओहोटीने खाडीचा चिखल उघडा पडला होता. ओबेड कॉझ गुडघाभर बूट चढवून विनीच्या घराच्या पोटाखाली वाकले होते, आणि आत विनिफ्रेड अ‍ॅट्रिल आपल्याच घरात बादल्यांवर बादल्या पाणी ओतत होती.

घर म्हणजे एक विमान. पंख केव्हाच गेले होते. शेपटीला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, आणि नाकाडावर बंदूकवाल्यासाठी ठेवलेल्या गोल भोकातून आता चुलीचं धुराडं निघत होतं. एकोणतीस साली हवाईदलासाठी, पाण्यावरून उडणारं म्हणून हे बांधलं, तेव्हा त्याच्यामागून आणखी बारा निघणार होती. निघालं ते हे एकच. ओबेड तेव्हा सांगाड्याचे मिस्त्री होते, आणि विनी शिवणखात्यात पंखांवर कापड ताणून शिवणारी सतरा वर्षांची पोर.

दोन वर्षं हे धूड चिखलात रुतून बसलं होतं. भरती आली की पाणी आत यायचं आणि ते जागचं हलायचं नाही. बंदराच्या साहेबाने पत्र धाडलं होतं, की आजच्या उधाणाला जे तरंगणार नाही ते सोमवारी भंगारात जाईल. नवरा युद्धात गेल्यापासून विनीला दुसरा आसरा नव्हता. तिने मिस्त्रींना बोलावून घेतलं.

गळती शोधायची मिस्त्रींची रीत जुनीच होती. आतून पाणी भरायचं, बाहेर कुठे ठिबकतं ते पाहायचं आणि तिथे खडूने गोल काढायचा. कारखान्यात सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करायचे. शिवणखात्यातल्या मुली तर काम टाकून बघायला यायच्या, अंगाला रोगणाचा गोडसर वास घेऊन. उन्हाळ्यात आजही या भिंतींना तो वास येतो, असं विनी मघाशी सांगत होती.

पुढचा भाग कोरडा निघाला. मागचाही. बावीस वर्षांनी पत्रा इतका धड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग ते डाव्या अंगाला, पायरीसारख्या खाचेच्या मागे सरकले आणि थांबले. एक थेंब लोंबत होता. ही जागा त्यांना डोळे मिटूनही सापडली असती.

"किती गळत्या सापडल्या?" विनीने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

दहा आहेत, आज बुजायच्या नाहीत, म्हणून सांगणं सोपं होतं. सोमवारी धूड तुटलं असतं आणि ही जागा पुन्हा कोणाच्या नजरेला पडली नसती. ओबेडनी वर पाहिलं. खिडकीत जाळीचा पडदा होता, कुंडीत लाल फुलं होती.

"एकच आहे," ते म्हणाले. "आणि ती आजची नाही."

मग चिखलात उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं. चाचणीच्या आदल्या दिवशी हा थेंब त्यांनी पाहिला होता. पत्रे जोडणारं तिथलं रिव्हेट बदलू का, म्हणून हाताखालच्या माणसाने विचारलंही होतं. राहू दे, ते म्हणाले होते. विमान रात्रभर पाण्यात राहिलं की सांधा आपोआप मिटेल. चाळीस वर्षं लाकडाच्या होड्या बांधलेला हात. लाकडी होडी पाण्यात सोडली की फळ्या पाणी पितात, फुगतात, भेगा बुजतात. पण हा पत्रा होता. रात्रीत थेंबाची धार झाली, आणि सकाळी धक्क्यावरच्या अधिकाऱ्यांसमोर विमान पोटात पाणी घेऊन तीन मैल फेस उडवत धावलं. उठलं नाही. अधिकारी टोप्या चढवून निघून गेले. दोष इंजिनावर गेला. इंजिनवाला बिचारा मान खाली घालून कॅनडाला गेला, आणि ओबेड गप्प राहिले.

विनीने हातातली बादली खाली ठेवली.

"शिवणखात्यात आम्ही चौतीस जणी होतो, मिस्त्री," ती म्हणाली. "महिन्याभरात सगळ्या घरी बसलो."

"माहीत आहे. मी नावानिशी सांगू शकतो."

"मग आता तो सांधा बुजवा. बाराला भरती आहे."

तिने पंपाने पाणी उपसलं. ओबेडनी जुनं रिव्हेट तासून काढलं, शेंदूर आणि जवसाच्या तेलात भिजवलेली जाड लोकरी नमद्याची चकती घातली, आणि वरून बोल्ट आवळला. खात्रीसाठी दोनदा आवळला. मग हत्यारं गोळा करून ते काठाकडे वळले.

"कुठे निघालात?" विनी दारातून म्हणाली. "आत या. बुडायचंच असेल तर दोघं बुडू."

चुलीजवळच्या टेबलाशी ते बसले. विनीने चहा ओतला. बाहेर पाणी चढू लागलं. आधी चिखल गेला, मग दोरीचा खुंट, मग खिडकीखालची रंगाची रेघ. दोघांची नजर तळाच्या फळीवर होती. फळी कोरडी होती.

कुठेतरी पत्रा करकरला. टेबलावरची बशी बोटभर सरकली, आणि पुन्हा सरकली.

"उठलं," विनी म्हणाली.

बावीस वर्षांपूर्वी धक्क्यावर हाच शब्द तोंडात धरून ओबेड उभे होते. आज तो विनीने उच्चारला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बशी धरून बसून राहिले.