चौकटीवरची रेघ

वर्षभरात करुणा वीतभर वाढली. गुडघे ठणकायला लागले, धाव मंदावली.

"तुह्यात आता दम नाही. उद्यापासून लहानीले पाठव," एकोडी गावच्या मैदानावर धावणं शिकवणारे सर म्हणाले. करुणाला रडूही आलं नाही. घरी येऊन तिनं आपले धावायचे बूट धाकट्या बहिणीपुढे, गुड्डीपुढे ठेवले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, दरवर्षीसारखी ती कोळसा घेऊन गुड्डीची उंची आखायला आली. गुड्डी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, तू वाढली म्हणून काढलं का तुले?"

"हो."

गुड्डीनं फ्रॉकच्या आत हळूच गुडघे वाकवले. करुणानं ते पाहिलं आणि मागच्या वर्षीच्या रेघेवरच कोळसा फिरवला.

"किती वाढली वं गुड्डी?" आईनं चुलीजवळून विचारलं.

"काहीच नाही," करुणा म्हणाली.