एक पान वगळून

"हे पान काढावं लागेल," गोरे साहेब म्हणाले.

रत्नपाल यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणतं पान ते त्यांना ठाऊक होतं.

आखाडा बाळापुरातल्या त्यांच्या पत्र्याच्या घरात दोघं समोरासमोर बसले होते. गोरे मुंबईहून आले होते. संरक्षणाच्या किंवा गुप्त कामात नोकरी केलेल्या माणसाने पुस्तक लिहिलं, तर ते छापण्याआधी वाचायचं आणि देशाला धोका होईल तेवढं खोडायचं, हे त्यांचं काम. रत्नपाल सरहद्दीवर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी नोकरीच्या आठवणी लिहिल्या आणि नियमाप्रमाणे सरकारकडे पाठवल्या. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

"बाकी सगळं खुशाल छापा," गोरे म्हणाले. "वाळूच्या वादळाचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं."

"वादळासाठी न्हाई लिहिलं, साहेब. ह्या एका पानासाठी लिहिलं."

ते पान दगडोबाचं होतं. दगडोबा ह्याच गावचा धनगर, रत्नपाल यांच्याच तुकडीत शिपाई. मेंढरं वळण्यात त्याचं लहानपण गेलं होतं आणि तिकडची बोली त्याने झपाट्याने उचलली होती. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वरिष्ठांनी त्याला मेंढपाळ करून सरहद्दीपलीकडे पाठवलं. महिनाभराने त्याचा निरोप आला, तोही अर्धवट. मागे गोळ्यांचा आवाज. मग काहीच नाही. तो निरोप रत्नपाल यांनीच कानाला यंत्र लावून ऐकला होता.

खात्याने कागदोपत्री लिहिलं, 'शिपाई कामावरून पळून गेला.' त्या दिवसापासून गावात त्याची बायको भागाबाई 'पळपुट्याची बायको' झाली. तिच्या पोरीची सोयरीक जुळता जुळता मोडली, तीही ह्याच कारणाने.

"नाव बदला, गाव बदला," गोरे म्हणाले. "तो कुठल्या बाजूने गेला ते गाळा. तिकडे त्याने घेतलेलं नाव तर तुम्ही सरळ लिहून टाकलंय!"

"खरं न्हाई लिहिलं तर गावानं काहून मानावं?"

"गावासाठी कायदा मोडता येत नाही. छापलंत तर तुरुंग आहे, रत्नपालजी. पेन्शनही जाईल."

"पंधरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार?"

गोऱ्यांनी रुमालाने मान पुसली.

रत्नपाल यांना तुरुंगाची भीती नव्हती. सरकार ते पान जाऊ देणार नाही हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. म्हणून ते पान त्यांनी वसमतच्या एका दिवाळी अंकाला आधीच देऊन टाकलं होतं. अंक कालच निघाला होता. संपादकाचा सकाळीच फोन येऊन गेला होता. "यंदा अंक इंटरनेटवरबी टाकला, काका. जगात कुठंबी बसून वाचा. तुमचा लेख तर पहिलाच." साहेबांची जीप एकदा निघून गेली, की पारावर सगळ्यांसमोर ते स्वतः तो वाचणार होते. मग तुरुंग तर तुरुंग.

दारात भागाबाई येऊन उभी राहिली. मुंबईचा साहेब आल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती उंबऱ्याशीच बसली.

"साहेब, मी अडाणी बाई. एकच सांगा. पळून गेलते का ते?"

गोऱ्यांनी रत्नपाल यांच्याकडे पाहिलं, मग खाली. "मला काही सांगता येत नाही, बाई."

"व्हय. इतकी सालं हेच ऐकून राहिले." तिच्या आवाजात राग नव्हता. "माझं जाऊ द्या. पोरीला लोक बोलतात, त्याची तकलीफ हाय."

ती पदर सावरत उठली आणि निघून गेली.

"काढा ते पान," रत्नपाल एकदम म्हणाले. "कुठं सही करू?"

गोरे चमकले. "विचार करून सांगताय?"

"तुमी देशाचं बघून राहिलात. मी बी वर्दी घातलेला माणूस हाय."

त्यांनी सही केली. गोऱ्यांनी ते पान बाजूला काढलं, घडी घालून आपल्या बॅगेत ठेवलं आणि खूप वेळ रोखून धरल्यासारखा श्वास सोडला.

रत्नपाल त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. त्यांची पावलं हलकी पडत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना भागाबाईच्या घराकडे मान वर करून पाहता आलं. आज संध्याकाळी त्या घरासमोर माणसं हात जोडून उभी राहतील, असं त्यांच्या मनात आलं.

गोऱ्यांनी जीपचं दार उघडलं, पण ते आत बसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला चहा पिऊन यायला पिटाळलं. तो हॉटेलात शिरेपर्यंत थांबले. मग रत्नपाल यांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही ऐकलं नसतं, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. हे मी बोलायला नको. माझी नोकरी जाईल. पण त्या बाईकडे पाहून राहवत नाही, आणि तुम्ही वर्दीतले आहात." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "दगडोबा जिवंत आहे. तिकडेच आहे, त्याच नावानं. मागच्या मंगळवारी त्याचा निरोप आला."