शेऱ्याचा रकाना

पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाईलचा चार्जर काढलेला आणि वर मेन स्विचही पाडलेला. मुदखेडच्या त्या दोन खोल्यांत दिवेलागणीला फक्त देवापुढची समई उरली होती. घरातली वीज गप्प केल्याशिवाय शॉर्टवेव्ह रेडिओवर लांबचं काही नीट ऐकू येत नाही. हे रामलिंगसरांना ठाऊक होतं आणि रुक्मिणबाईंना त्याहून जास्त. नवऱ्याच्या या छंदापायी त्यांनी चाळीस वर्षं संध्याकाळच्या भाकरी अंदाजानंच थापल्या होत्या.

टेबलावर बॅटरीला जोडलेले दोन रिसीव्हर होते. एक नवा, वहीएवढा, काचेवर रंगीत लाटा दाखवणारा. दुसरा जुना जपानी, दोन हातांनी उचलावा लागणारा, आणि त्याचं मोठं बटण एका बोटानं फिरवलं तरी लोण्यातून फिरावं तसं फिरायचं. रुक्मिणबाईंचा नवरा आणि सरांचा मित्र पिराजी वारल्याला तीन महिने झाले होते. दोनांतला एक रामलिंगला द्यायचा, पण कोणता ते त्यानंच ऐकून ठरवायचं, असं तो बायकोला बजावून गेला होता.

रामलिंगसरांनी ठरवायचं ते वीस वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. त्यांचा जीव जुन्यावर होता. पण मित्राच्या घरी येऊन सरळ त्याच्यावर बोट ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून नांदेडहून येताना त्यांनी हेडफोन, घड्याळ, चष्मा असा सगळा सरंजाम आणला होता.

लिंबावरून आलेली एरियलची तार त्यांनी आधी नव्याला जोडली. स्टेशनं स्वच्छ लागली, एकात दुसरं मिसळत नव्हतं. खोट काढायला जागा नव्हती, याचंच त्यांना वाईट वाटलं. मग हेडफोन बाजूला ठेवले, तार काढून जुन्याला लावली आणि बटण सावकाश एकतीस मीटरच्या पट्ट्यावरून फिरवलं.

एका जागी खरखर बाजूला सरली. लाकडावर तीन ठोके पडले. मग एका पाखराची लांब शीळ आली आणि मध्येच तुटली. पुन्हा तीन ठोके, पुन्हा शीळ. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्टेशनं आपली खूण अशी घोळवत बसतात. पण ही खूण सरांनी कधी ऐकली नव्हती.

"हे कोणतं म्हणायचं?" ते स्वतःशीच बोलून गेले.

समईपाशी बसलेल्या रुक्मिणबाईंनी मान वर केली. "तुम्ही इचारून राहिलात, भाऊजी? ह्ये तर त्या बेटाचं हाय. ह्यांनी मरंस्तोवर ह्येच वाजवलं. टेबलावर तीन टकटका, अन् मंग शीळ. तुमच्या घरी तर कार्ड लावलंय न्हवं त्याचं, काचेत?"

सरांनी नुसती मान हलवली.

कार्ड होतं. दूरचं स्टेशन ऐकायचं, काय ऐकलं ते वेळेसकट त्यांना लिहून पाठवायचं, आणि पोच म्हणून त्यांचं कार्ड यायचं, अशी या छंदाची रीत. खरंच ऐकलं की नाही, हे ज्याचं त्याला माहीत. दक्षिण समुद्रातल्या त्या एवढ्याशा बेटाचं स्टेशन बावीस वर्षांपूर्वी पिराजीला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सर आले, तो चहा सांगायला आत गेला, तेवढ्यात त्यांनी त्याच्या उघड्या वहीतली ओळ उतरवून घेतली आणि आपल्या नावानं पाठवून दिली होती. कार्ड दोघांनाही आलं. सत्कार मात्र नांदेडला सरांचा झाला, आणि आवाज कसा होता असं कुणी विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक ठोकून दिलं होतं.

"तुम्ही बासरी म्हणला होता," रुक्मिणबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"वहिनी, ते स्टेशन बंद पडलंय. एकोणीस वर्षं झाली. मनोरेसुद्धा पाडले त्यांनी."

"मंग ह्ये काय वाजून राहिलं?"

तीन ठोके. शीळ. बटणाकडे गेलेलं सरांचं बोट तिथंच राहिलं. भीती वाटत होती आणि तरी बंद करवत नव्हतं, इतकी ती शीळ गोड होती. आपण हे न ऐकताच बावीस वर्षं मिरवलं, याची त्यांना पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. मग खरखर परत आली आणि तिनं सगळं बुडवून टाकलं.

रुक्मिणबाईंनी फडताळातून पिराजीची वही आणून पुढे ठेवली. "ऐकलं की लगीच लिवावं, म्हणायचे. लिवा तुमच्या हातानं. मला काय अक्षर येत न्हाई."

सरांनी घड्याळात पाहिलं. सहा बेचाळीस. वही समईपाशी नेऊन त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, स्टेशन, शेरा. हिरव्या शाईतलं पिराजीचं तिरपं अक्षर खालपर्यंत उतरत आलं होतं. कोरी ओळ शोधत सरांचं बोट खाली आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

आजची तारीख. सहा बेचाळीस. बेटाचं नाव. अक्षर तेच, शाई तीच.

"काय झालं? भरलं का पान?" रुक्मिणबाई वाकून बघत होत्या. "काय लिवलंय त्यांनी, मोठ्यानं वाचा की."

रुक्मिणबाईंना काहीही वाचून दाखवता आलं असतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून वाचलं.

"रामलिंगनं ऐकलं. पहिल्यांदाच."