तिचं घड्याळ

प्रयोगशाळेत चुंबकाच्या खोलीत शिरताना बायको मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायची. आत ते बंद पडलं असतं. चुंबक थंड ठेवायला त्यात द्रव नायट्रोजन भरणारा मी, द्रव स्फटिकांचे रेणू चुंबकात रांगेत कसे येतात हे पाहणारी ती. “बाहेर काढले की पुन्हा गोंधळ,” ती म्हणायची, “अगदी तुझ्यासारखे.” रेणू रांगेत आले की पडद्यावरच्या आलेखात एका शिखराची दोन व्हायची आणि ती आतून विचारायची, “किती वाजले?” मी दारातून सांगायचो, ती वहीत लिहायची. ती वारल्यावर तिच्या विद्यार्थिनीने बोलावलं. बायकोने भरून ठेवलेली द्रव स्फटिकाची एक नळी चुंबकात तपासायची राहिली होती. “काका, घड्याळ काढून आत या.” माझ्या मनगटावर तिचंच घड्याळ होतं, ते काढवेना. “तू बघ, मी दारातच थांबतो.” थोड्या वेळाने आतून हाक आली, “काका, दोन शिखरं दिसली. किती वाजले?” “अकरा दहा. लिही.”