राजाचं मरण ऐकू येईना

बुधाजी पहिल्यांदा मेला तेव्हा कोणालाच ऐकू आलं नाही.

कर्जतला हसनशेठच्या भाताच्या वखारीत मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचं यंत्र मांडलं होतं. बुधाजीच्या मंडळीचं नाटक सकाळपासून तबकड्यांवर उतरत होतं. लग्न झालं, लढाई झाली. राजाचं मरण तेवढं राहिलं, आणि कोऱ्या तबकड्या राहिल्या तीन.

वीस वर्षं बुधाजी राजा होऊन मरत आला होता. एक शब्द न बोलता, सिंहासनावरून हळूहळू घसरत. ते बघायला खालापुराहून माणसं गाड्या जुंपून येत.

आजही तो तसाच घसरला. कंपनीच्या माणसाने तबकडी वाजवून दाखवली. नुसती खरखर.

"लोकांना वाटेल, यंत्र बिघडलं," तो म्हणाला. "आणि तो मुकुट काढा हो. मुकुट ऐकू येत नाही."

"मला येतो," बुधाजी म्हणाला.

दुसऱ्या तबकडीवर तो "मी मेलो!" असं ओरडून मेला. वखारीतले हमाल पोट धरून हसले.

"आता एकच उरली," कंपनीचा माणूस म्हणाला. "मरण वगळू. तिथे विदूषकाचं गाणं घेऊ."

विदूषक लगेच घसा खाकरायला लागला.

"मग मी वीस वर्षं काय केलं?" बुधाजीने विचारलं.

दाराशी पोशा उभा होता. कशेळ्याकडच्या ठाकूरवाडीतला. वाऱ्याने तंबू उडू नये म्हणून प्रयोगभर बाहेर दोर धरून बसणं, हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्याने एकही प्रयोग पाहिला नव्हता. ऐकले मात्र सगळे.

"मालक, राजा गेला की मला भायेर कळतं."

"कसं रं?"

"मानसं खोकायची थांबतात."

मग कंपनीचा माणूस उठला आणि सकाळी स्वतःच लावलेली 'खोकू नये' ही पाटी त्याने स्वतःच काढली.

हसनशेठ बाजारात गेला आणि खोकणारी बावीस माणसं घेऊन आला. त्यातल्या तिघांना खरा खोकला होता. त्यांना सगळ्यात मागे बसवलं, कारण खरा खोकला सांगून थांबत नाही.

"पोशा, आज तरी आत बस," बुधाजी म्हणाला. "बघ मी कसा मरतो ते."

"नको मालक. बघत बसलो तर ऐकायचं ऱ्हाईल." तो बाहेर गेला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला.

सुई टेकली. बावीस माणसं मन लावून खोकली. एकाने चुना मागितला, एकाला शिंक आली, ती कंपनीच्या माणसाने मान डोलावून मंजूर केली. मग बुधाजीचा हात सिंहासनावरून सुटला.

पुढची रांग थांबली. मग मधली. शेवटी मागचे तिघेही, तोंडात उपरणं कोंबून, डोळ्यांत पाणी आणून थांबले. बुधाजी खाली येत राहिला. इतका वेळ त्याने कधीच लावला नव्हता. तबकडी भरून नुसतीच फिरत राहिली, तरी सुई उचलायचं कंपनीच्या माणसाला सुचलं नाही. विदूषक डोळे पुसत होता.

एकदाची सुई उचलली गेली. बुधाजी उठला आणि मुकुटासकट बाहेर धावला.

पोशा अजून तसाच उभा होता. मुंडासं डोक्यावर नव्हतं, हातात होतं.

"पोशा! ऐकलंस का रं? जमलं की!"

"गप ऱ्हावा मालक," पोशा हळूच म्हणाला. "राजा आत्ताच गेलाय."