बोटीवरचा साखरेचा डबा

"काकांना घाम फुटलाय!" फोनवर धर्मेश ओरडत होता. मागे बोटीच्या इंजिनाची धडधड. "हात थरथरतात. मलाच माजं नाव विचारतात, तू कोन म्हनून!"

वैभवीच्या हातातला बोंबील वाळूत पडला. मासळी वाळवायच्या काठ्यांखालून ती वाकून बाहेर आली आणि रेंज सापडावी म्हणून पाण्याच्या दिशेने पळत सुटली. पंढरी तिचा बाप, धर्मेशचा काका. पहाटे बोट घेऊन गेला तेव्हा चांगला थट्टा करत गेला होता.

"सकाळची गोळी घेतली का बाबांनी?"

"गोळी घेतली, पन जेवले नाय. जाळं भरलं व्हतं, वडत बसले."

म्हणजे शुगर उतरली होती. पालघरच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. साखर बंद करा. आणि कधी असा घाम सुटला, हात कापायला लागले, तर ताबडतोब साखर द्या. पहिली गोष्ट वैभवीने इतकी मनावर घेतली की दुसरी कानावरूनच गेली. ती बोईसरला सरबताच्या पावडरीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पाकिटावर संत्र्याचं चित्र आणि आत पोत्यामागून पोतं साखर, हे रोज डोळ्यांनी बघत होती. मग ती पाकिटं वाचायला लागली. बिस्किटात साखर, सॉसमध्ये साखर, पावातसुद्धा साखर. तिच्या जिवाला घोरच लागला. घरात तिने साखर औषधालाही ठेवली नाही.

"साखर दिली का त्यांना?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिचे पाय जागच्या जागी थांबले.

"दिली ना! डब्यातली, चहात घालून. दोनदा पाजली. पन फरकच नाय गो, वाढतंच चाललंय."

तो डबा तिनेच भरला होता. घरातल्यासारखीच बोटीवरचीही साखर काढून घेतली आणि तशीच पांढरी, तशीच गोड, बिनसाखरेची पावडर त्यात ओतली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बापाने डबा समुद्रात भिरकावला असता. उलट परवा तो "बोटीवरचा चहा हल्ली झकास व्हतो" म्हणाला, तेव्हा बाईसाहेब मनातल्या मनात फुशारल्या होत्या.

मागे ठकीआजी येऊन उभी राहिली होती. हातांवरून मासळीचं पाणी गळत होतं. "काय झालं पंढरीला?"

खरं बोलायची वैभवीला लाज वाटली. बाप तिकडे असा पडलेला आणि हिला लाज वाटली. मग तिला स्वतःचीच चीड आली.

"धर्मेशदादा, ती साखर नाय!"

"काय?"

"डब्यातली साखर नाय ती! नुसती गोड लागते. तिनं शुगर चढत नाय. मी बदलली."

फोन खरखरला. मग धर्मेशचा आवाज आला, अगदी बारीक. "आता काय देऊ मग? जवळपास बोट पन नाय. भात भरवला तर तोंडातच धरून बसलेत."

"गिळतात ना पन? पानी गिळतात?"

"गिळतात. जरा जरा."

वैभवी वाळूत इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. साखर, साखर. तेलाचा डबा, मसाल्याची बरणी, कांदे, सगळी बोट ती मनात उलटीपालटी करत होती. आणि एकदम तिला आजीची चापट आठवली. डबा बदलला त्या दिवशी तिने केबिनमधल्या देवीपुढच्या खडीसाखरेलाही हात घातला होता. आजीने फाडकन त्या हातावर मारलं होतं. "देवीला पन डायबेटीस झाला का गो?" ते ऐकून घर हसून हसून लोळलं होतं.

"देवीची वाटी!" ती किंचाळली. "खडीसाखर हाय बग! ती कूट, कोमट पान्यात विरघळव, आनि थोडं थोडं पाज!"

दर खेपेला ती वाटी आजी स्वतःच्या हाताने भरायची. बोट किनाऱ्याला लागली की तोच प्रसाद वाटला जायचा. त्याआधी तिला कुणी शिवायचं नाही, हा घरचा पिढ्यान् पिढ्यांचा दंडक.

"किनारा लागायच्या आदी?" धर्मेश चाचरला. "आजी काय म्हनंल?"

आजीने फोन हिसकावून घेतला. "मी ठकी बोलते. वत ती वाटी! देवीचं काय ते मी बघून घेईन!"

फोन बंद झाला. वैभवीने लावून पाहिला, लागेना. पुन्हा लावला. बोटीवरून अणुशक्ती केंद्राचे घुमट दिसतात तिथवर रेंज, असा कोळ्यांचा हिशेब. बोट अजून त्या टप्प्यात होती की बाहेर गेली?

"एका जागी उबी ऱ्हा गो," आजी म्हणाली. पण आजी स्वतःच घोटाभर पाण्यात कधी शिरली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

शेवटी फोन वाजला. "वळखलं मला!" धर्मेश हसत होता की रडत होता, सांगणं कठीण. "आईवरून शिव्या देतात. देवीची वाटी का संपवली म्हनून!"

आजी होती तिथेच पाण्यात मटकन बसली.

दुपारी बोट लागली. वाडीतली पोरं सवयीने ओंजळी पुढे करून धावली. "आज परसाद नाय," आजीने त्यांना परतवलं. धर्मेशने साखरेचा डबा आणून वैभवीच्या पायांशी ठेवला आणि जाळ्याकडे गेला.

पंढरी उपड्या पाटीवर बसला होता. चेहरा अजून उतरलेला. त्याने लेकीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला समजतच नाय गो बाय," तो म्हणाला. "दोनदा घेतला चा. चांगला गोड व्हता. घरी तू करून देतेस ना, अगदी तसाच."