रंगवलेली मिशी

फोटो काउंटरवर ठेवल्याबरोबर अप्पांनी तो ओळखला आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली.

“माझे वडील,” बाई म्हणाल्या. “माझ्या जन्माआधीच गेले. एवढा एकच फोटो आहे, तोही ओल लागून पार धुरकट झालाय. तुमच्याकडे म्हणे कॉम्प्युटरवर जुने फोटो लख्ख करून देतात.”

“देतात. पण सगळेच होत नाहीत.”

“होतात की,” आतून सून म्हणाली. स्टुडिओ आता तीच चालवत होती आणि आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे तिला जमत नसे. “परवा एकाचे आजोबा नुसत्या डागातून काढून दिले. बसा तुम्ही.”

बाई बसल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या, पण बसणे अजून वर्गावर लक्ष ठेवल्यासारखेच. सुनेने फोटो चौकटीतून सोडवला आणि स्कॅनरवर पालथा घातला. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

कारण फोटोतला माणूस बाईंचा बाप नव्हताच. ते अप्पा होते.

अप्पा तेव्हा याच स्टुडिओत केर काढण्यापासून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग झाकण्यापर्यंत पडेल ते काम करत. त्या काळी लोक जिवंतपणी फोटो काढायचा आळस करत आणि माणूस गेला की धावत येत. मालक कुणालाही रिकाम्या हाताने पाठवत नसत. घरच्यांनी वर्णन सांगायचे, मालकांनी अंगकाठी जुळणारा कुणीतरी पकडून त्याला स्टुडिओतला कोट चढवायचा, आणि बाकीचे ब्रशवर सोपवायचे. गावातले निम्मे कैलासवासी एकाच कोटात भिंतीवर गेले होते.

अशीच एकदा एक पोटुशी बाई आली. नवरा अपघातात गेलेला, फोटो एकही नाही. बाळाला दाखवायला काहीतरी हवे, एवढेच ती म्हणाली. मिसरूडही न फुटलेल्या अप्पांना मालकांनी कोट घालून बसवले. मान जरा तिरकी, ओठ मिटलेले, असे ती समोर बसून सांगत गेली. मालकांचा हात तेव्हा कापायला लागला होता, म्हणून मिशी अप्पांनीच रंगवली. तयार फोटो हातात धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हेच ते.”

ती गेल्यावर मालक म्हणाले, “हे आता पोटात ठेवायचं. कुणाच्या तरी घरी तू बाप झालास.”

अप्पांनी ते ठेवले होते, मालक गेले आणि स्टुडिओ त्यांच्याकडे आला तरी, बायकोलासुद्धा न सांगता.

“मी रोज बोलते बाबांशी,” बाई सांगत होत्या. “परीक्षेला निघताना, नोकरी लागली तेव्हा, आमचे हे गेले तेव्हा. लोक म्हणतात, माझं नाक बाबांवर गेलंय.”

अप्पांचा हात नाकाकडे निघाला होता, तो त्यांनी मध्येच थांबवला.

बाई भलत्याच बोलक्या निघाल्या. चहात साखर चालते का, गुडघे काय म्हणतात, मुलगा विचारपूस करतो ना. फोटो तिकडे स्क्रीनवर होता, पण त्यांचे लक्ष इकडेच. एरवी अशा चौकश्यांना अप्पा हं-हं करून वाटेला लावत. आज कुणीतरी इतके विचारतेय याचे त्यांना फार बरे वाटले, आणि त्यामुळेच जास्त अपराधी वाटले.

त्यांना डार्करूमची आठवण झाली. लाल दिवा, औषधाचा वास, ट्रेमधल्या पाण्यातून हळूहळू वर येणारे चेहरे. तेव्हा चेहऱ्याला यायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात माणूस धीर गोळा करायचा. या यंत्राला कसली ती उसंत नाही.

“हात्तिच्या,” सून म्हणाली. “अप्पा, जरा या इकडे. यानं मिशीच खाल्ली. डाग समजला बहुतेक.”

अप्पा गेले. ओल, ओरखडे, मिशी, पेन्सिलच्या रेघा, सगळे पुसून यंत्राने एक कोवळा पोरगा समोर ठेवला होता. सून स्क्रीनकडे बघत होती. मग ती सासऱ्यांकडे बघू लागली. घरात अप्पांच्या लग्नाचा फोटो ती रोजच बघत असे.

अप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मिशी परत आण,” ते हळू आवाजात म्हणाले. “होती तशीच. हे त्यांना दिसता कामा नये. त्यांना दुसरा बाप कुठून आणून देणार आपण?”

सुनेने लगेच माऊस हातात घेतला. पोरीला अक्कल होती.

मिशीवाला फोटो छापून निघाला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला.

“छान झालाय,” बाई म्हणाल्या. पण पर्स उघडली नाही. “आधी मिशीशिवायचा आला होता ना? तो द्या मला.”

“तो चुकलाय, बाई,” अप्पा म्हणाले. “यंत्र आहे, काहीही करतं. ते तुमचे वडील नाहीत.”

“माहीत आहे मला. मी शाळेत असतानाच आईनं सांगितलं होतं, याच स्टुडिओतला पोरगा होता म्हणून. तरी मी आयुष्यभर बोलत आले ते त्याच्याशीच.” बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “फोटो नुसतं निमित्त होतं. मी तुम्हाला बघायला आलेय, बाबा.”